पाणी म्हणजे पाणी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक लहानसं मंडळ होतं. आसपासच्या पाड्यांवरची गाणी, गोष्टी आणि शब्द गोळा करायचे आणि त्यांची पुस्तकं काढायची, एवढंच त्याचं काम. त्या मंडळात वैजयंती देवरे नावाची एक बाई नोकरीला होती. पूर्वी तिथे मजकूर टाइप करायला दोघं आणि छपाईआधीची मुद्रितं तपासायला एक, अशी तीन माणसं असत. एकेक करून ती निवृत्त झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि तिघांचं काम वैजयंतीच्या टेबलावर येऊन पडलं. सेहेचाळिसाव्या वर्षी तिची मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि मंडळाच्या पायऱ्या चढतानाच तिला दिवस संपल्यासारखं वाटायचं.

शेवटी मंडळाने एक एआय मदतनीस घेतला. तो माणूस नव्हता, कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम होता. साध्या मराठीत सांगितलेलं त्याला समजायचं. पण त्याला हात नव्हते. ज्या एडिटरमध्ये पुस्तकं लिहिली जात, त्यात त्याला काही करायचं असेल तर अवजारं लागत. मजकूर शोधायचं एक, बदलायचं एक, पुसायचं एक, फाइल जतन करायचं एक. ही अवजारं वैजयंतीनेच बनवून दिली होती. प्रत्येक अवजाराचं नाव आणि त्याखाली चार शब्दांची माहिती, एवढंच मदतनीसाला दिसायचं. अवजाराच्या पोटात काय चालतं ते त्याला दिसत नसे.

ती माहिती वैजयंतीने एका शनिवारी दुपारी, घरी जायच्या घाईत लिहिली. ‘शोध: मजकूर शोधतो.’ ‘बदल: मजकूर बदलतो.’ ‘जतन: फाइल जतन करतो.’ पाच मिनिटांत काम संपलं. तिला त्यात काही उणं वाटलं नाही. अवजारं तिनेच बनवली होती, ती कशी चालतात हे तिला पाठ होतं.

सोमवारपासून कटकटी सुरू झाल्या. दहावी ओळ पुसायला सांगितलं तर मदतनीस अकरावी पुसायचा, कारण अवजार ओळी शून्यापासून मोजत होतं आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा वीज गेली आणि जतन न केलेलं सकाळभराचं काम गेलं. दर वेळी वैजयंती चिडायची आणि सूचनांच्या पानावर आणखी एक ओळ लिहायची. ‘ओळ नीट बघून पूस.’ ‘प्रत्येक बदलानंतर जतन कर.’ ‘चुका करू नकोस.’ ‘खबरदार, पुन्हा असं झालं तर.’ बघता बघता सूचनांची नऊ पानं झाली. अवजारांखालचे ते चार शब्द मात्र जसेच्या तसे राहिले. ते उघडून बघावेत असं तिच्या मनात एकदोनदा आलं. पण मदतनीसावर ओरडायला अर्धं मिनिट पुरायचं आणि ते काम करायला एक दिवस लागला असता. तो दिवस तिच्याकडे कधीच नसायचा.

त्या वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला लहानू गावित गुरुजींचा शब्दकोश निघायचा होता. गुरुजी डोंगरातल्या पाड्यांवर शाळामास्तर होते. अडतीस वर्षं त्यांनी तिथल्या बोलीतले शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवले होते. अलीकडे त्यांचा हात थरथरायचा. म्हणून शेवटचे साडेतीनशे शब्द त्यांनी कागदावर लिहिलेच नाहीत. ते मंडळात येऊन सांगायचे आणि वैजयंती थेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. त्यातले बरेचसे शब्द पारूबाई नावाच्या एका म्हातारीकडून आलेले होते. पारूबाई नव्वदीच्या होत्या. कोश छापायला जायच्या आतच त्या वारल्या.

वर्धापनदिनाला वीस दिवस उरले असताना गुरुजींनी मुद्रितं तपासून चाळीस दुरुस्त्या पाठवल्या. पहिलीच दुरुस्ती ‘झिरा’ या शब्दाची होती. ओढ्याच्या वाळूत उकरलेला पाण्याचा खड्डा म्हणजे झिरा. त्याचा अर्थ लिहिताना ‘पाणी’च्या जागी चुकून ‘पानी’ पडलं होतं. त्या बोलीत पाण्याला पानीच म्हणतात, त्यामुळे बोलीतले शब्द आणि वाक्यं यांत ‘पानी’ बरोबर होतं. पण अर्थ प्रमाण मराठीत द्यायचे होते, म्हणून तेवढ्या एका जागी ‘पाणी’ हवं होतं. वैजयंतीने मदतनीसाला सांगितलं, “‘झिरा’च्या अर्थात ‘पानी’ पडलंय, ते ‘पाणी’ कर.” मग उरलेल्या एकोणचाळीस दुरुस्त्याही, ‘मानूस’चं ‘माणूस’, ‘पन’चं ‘पण’ अशा, तिने तशाच भरभर सांगितल्या.

मदतनीसाने ‘बदल’ हे अवजार उचललं. ते अवजार सापडेल तिथे, सगळ्या पुस्तकभर बदल करणारं होतं. वैजयंतीला ते माहीत होतं. ती स्वतः एकेका जागेची दुरुस्ती नेहमी हातानेच करायची. मदतनीसाला फक्त ‘मजकूर बदलतो’ एवढंच माहीत होतं. चाळीस वेळा त्याने बदल केला, आणि सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वेळी जतन केलं. ‘जतन’ आधीच्या प्रतीवरच नवी प्रत लिहायचं. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. मदतनीस म्हणाला, “चाळीसही दुरुस्त्या झाल्या.” वैजयंतीने पानं छापून गुरुजींसाठी ठेवून दिली आणि पुढच्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, चष्मा लावला आणि पानं उलटू लागले. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“ताई, हे वाचा.”

वैजयंतीने वाचलं. ‘पाणी: पाणी.’

तिने पान उलटलं. ‘माणूस: माणूस.’ ‘कोण: कोण.’ पुस्तकभर डावीकडचा शब्द उजवीकडच्या अर्थासारखाच झाला होता. ज्या दुरुस्त्या एकेका जागी हव्या होत्या, त्या हजारो जागी झाल्या होत्या. ‘पन्नास’चं ‘पण्नास’ झालं होतं. प्रस्तावनेत एका जपानी अभ्यासकाचे आभार मानले होते, तो बिचारा जपाणी झाला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती त्यावर हसली असती.

“पाणी म्हणजे पाणी,” गुरुजी हळूच म्हणाले. “आमची बोली कुठं गेली, ताई?”

वैजयंतीने जुनी प्रत शोधली. सर्वांत अलीकडची वेगळी ठेवलेली प्रत अकरा महिन्यांपूर्वीची होती. कागदी चिठ्ठ्या होत्या, त्यांवरून बरंचसं पुन्हा लावता येण्यासारखं होतं. पण तोंडी सांगितलेले ते साडेतीनशे शब्द ना जुन्या प्रतीत होते, ना डब्यांत. आता फाइलमध्ये ‘पाणी’ दिसलं तर ते मुळातलं ‘पाणी’ की बिघडलेलं ‘पानी’, हे कुणाला सांगता आलं असतं?

मंडळाचे सचिव आहेरसाहेब धावत आले. त्यांनी पानं पाहिली आणि कपाळ चोळलं.

“एवढंही कळत नाही त्या मशीनला? देवरे मॅडम, तुम्ही लिहून द्या, प्रोग्राममध्ये बिघाड झाला म्हणून. आपण दुसरा मदतनीस आणू. तुमच्यावर काही येणार नाही.”

वैजयंतीला त्या क्षणी फार बरं वाटलं. तिने पत्र लिहायला घेतलंसुद्धा. ‘मदतनीसाने सूचना न पाळल्यामुळे’ इथपर्यंत आली. बिघाड म्हटलं की सगळं मिटत होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. ती इतकी थकली होती की खरंखोटं बघायचंही त्राण उरलं नव्हतं.

गुरुजी समोरच बसले होते. ते चिडलेले दिसत नव्हते. त्यांनी विचारलं, “त्याला काय सांगून ठेवलं होतं, तेवढं मला वाचून दाखवाल?”

वैजयंतीने सूचनांची नऊ पानं पुढे केली.

“हे रागावणं झालं. अवजार काय करतं, ते कुठं लिहिलंय?”

तिने वाचलं, “बदल: मजकूर बदलतो.”

“कुठला मजकूर?”

“जो सांगू तो.”

“एका जागचा, की सगळीकडचा?”

वैजयंतीने ती ओळ पुन्हा वाचली.

“मी कोशात ‘झिरा: पाण्याची एक गोष्ट’ असं लिहिलं असतं, तर तुम्ही छापलं असतं?”

“पण गुरुजी, ते अवजार कसं चालतं ते मला माहीत होतं ना!”

“तुम्हाला माहीत होतं,” गुरुजी म्हणाले, “पण तुम्ही लिहीत होता ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी.”

वैजयंतीला रडू आलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. तिने अर्धवट लिहिलेलं पत्र पुसलं आणि आहेरसाहेबांच्या टेबलाशी गेली.

“साहेब, बिघाड झालेला नाही. त्याने माझं लिहिलेलं वाचलं आणि तसंच केलं. मी लिहिलेलंच अपुरं होतं. चूक माझी आहे.”

“विचार करून बोला, मॅडम. पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत. सगळे तुम्हालाच विचारतील.”

“विचारू द्या. वर्धापनदिनाला कोश निघणार नाही. आणि ही माहिती नीट लिहीपर्यंत मदतनीसाला कोशाला हात लावू देणार नाही.”

आहेरसाहेबांनी बरीच आदळआपट केली. वर्धापनदिनाच्या सभेत तिचं नाव घेऊन दोन शब्द सुनावलेही. तिने ते मान खाली घालून ऐकून घेतले.

त्यानंतरचे दिवस फार लांबलचक गेले. दुपारभर ती आणि गुरुजी जुनी प्रत, चिठ्ठ्या आणि बिघडलेली फाइल समोर ठेवून एकेक शब्द जागेवर आणत. सकाळी ती अवजारांची माहिती नव्याने लिहायला बसे.

पहिल्या सकाळी तिने एकट्या ‘बदल’वर दोन पानं लिहिली. तिला जे जे सुचलं ते सगळं त्यात घातलं. गुरुजींना वाचून दाखवायला लागली, तर दुसऱ्या पानावर त्यांचा डोळा लागला.

“माफ करा, ताई,” ते जागे होऊन म्हणाले. “यात कामाचं किती आहे?”

तिने ती दोन्ही पानं काढून टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. गुरुजींनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, आणि नेमकं तेच उपयोगी पडलं. तिला जे सांगायची गरज वाटत नसे, तिथेच ते अडत. “ओळी मोजायच्या त्या एकापासून ना?” “शब्द सापडलाच नाही, तर काय होईल?” “दोन जागी सापडला, तर?” काही प्रश्नांना तिच्याकडेही उत्तर नसायचं. ‘पुस’ आणि ‘काढ’ अशी दोन अवजारं होती. कधी कुठलं वापरायचं, असं त्यांनी विचारल्यावर ती पाच मिनिटं विचार करत राहिली, आणि तिलाही धड सांगता येईना.

“तुम्हालाच सांगता येत नाही, मग तो कसा ओळखणार?”

तिने ‘काढ’ हे अवजारच मोडीत काढलं. ‘बदल’ची नुसती माहिती सुधारून भागणार नव्हतं, अवजारही बदलावं लागलं. ‘जतन’ आता जुनी प्रत बाजूला ठेवून मगच नवी लिहायचं. सूचनांच्या नऊ पानांतली खबरदारी आणि दरडावणी तिने एकेक करून पुसली. ती पुसताना तिला त्या त्या दिवसाची चिडचिड आठवायची आणि वाईट वाटायचं. सगळं पुसून झाल्यावर अर्धं पान उरलं.

‘बदल’ची माहिती शेवटी अशी झाली: ‘दिलेला मजकूर काढून त्या जागी नवा मजकूर घालतो. फक्त एका जागी. तो मजकूर एकाहून जास्त जागी असेल तर काहीही न बदलता थांबतो आणि किती जागी आहे ते सांगतो. अशा वेळी आजूबाजूचे शब्दही धरून जागा नेमकी करावी. मजकूर सापडला नाही तरी काही बदलत नाही. मोठ्या शब्दाच्या पोटातला तुकडाही त्याला सापडतो, उदाहरणार्थ “जपानी”मधलं “पानी”. सगळ्या पुस्तकात एकदम बदल करण्यासाठी हे अवजार नाही.’

गुरुजींनी ते दोनदा ऐकलं. “आता मला दिलं, तर मीही चालवीन,” ते म्हणाले.

कोश पूर्ववत होत आला तेव्हा वैजयंतीने मदतनीसाला पुन्हा काम दिलं. जुन्या प्रतीतून ‘झिरा’ची ती चूक पुन्हा जशीच्या तशी आली होती, म्हणून तिने मुद्दाम तीच दुरुस्ती सांगितली. मदतनीसाने आधी ‘झिरा’ची नोंद शोधून वाचली. मग ‘त्यात झिरपून पानी साठतं’ एवढे सगळे शब्द धरून तेवढी एकच जागा बदलली, आणि काय बदललं ते सांगितलं. पुढची दुरुस्ती तिने गडबडीत अर्धवट सांगितली, ‘कोन’चं ‘कोण’ कर म्हणून. मदतनीस थांबला. “हा मजकूर एकशे सतरा जागी आहे,” तो म्हणाला. “बोलीतल्या वाक्यांतही आहे. तुम्हाला कुठल्या नोंदीतला बदलायचा आहे?”

वैजयंती पडद्याकडे बघत राहिली. मदतनीस तोच होता. दुसरा आणलेला नव्हता. नीट काम करणं त्याला पहिल्या दिवशीही जमलं असतं. तिला आनंद झाला का, हे तिलाच कळलं नाही. तिने नोंदीचं नाव सांगितलं आणि पुढची दुरुस्ती घेतली.

पण सगळंच काही परत आलं नाही. तोंडी सांगितलेल्या साडेतीनशे शब्दांपैकी बहुतेक गुरुजींना आठवले. पण त्या बोलीत काही शब्दांत ‘ण’ही येई, आणि अशा सात शब्दांपाशी ते अडले. पारूबाई ते ‘न’ने म्हणायच्या की ‘ण’ने, काही केल्या नक्की होईना. ते डोळे मिटून एकेक शब्द पुटपुटत, मग मान हलवत. एक दिवस ते चार मैल चालून पारूबाईंच्या सुनेकडे गेले. सुनेने ते शब्द म्हणून दाखवले, पण तिचं माहेर दुसऱ्या खोऱ्यातलं, तिची बोली वेगळी. संध्याकाळी परत येऊन ते वैजयंतीसमोर बसले.

“नाही जमत, ताई. अंदाजानं लिहिणं बरं नाही.”

“गुरुजी, ते माझ्यामुळे गेले. प्रस्तावनेत तसं छापा. माझं नाव घालून छापा.”

गुरुजींनी मान डोलावली. त्या आठवड्यात त्यांनी प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद सांगितला आणि वैजयंतीने तो टाइप केला. ‘या कोशातील सात शब्दांपुढे फुली आहे. त्यांचा उच्चार सांगणारी व्यक्ती आज हयात नाही, आणि ते जपून ठेवण्यात आम्ही कमी पडलो.’

‘आम्ही’ या शब्दाशी तिची बोटं थांबली. तिने वर पाहिलं.

“गुरुजी, तुम्ही कुठे कमी पडलात?”

“पारूबाई जिवंत असताना मी चिठ्ठ्या लिहायच्या सोडल्या,” गुरुजी म्हणाले. “हात थरथरतो म्हणालो, आणि सगळं तुमच्या माथी टाकलं. लिहा, आम्ही.”

वैजयंतीने तसंच लिहिलं. ठरल्या दिवसानंतर चार महिन्यांनी कोश निघाला. समारंभ झाला नाही, कुणी हारतुरे आणले नाहीत. गुरुजी प्रती घेऊन एसटीने डोंगरात गेले आणि पाड्यापाड्यांवरच्या शाळांत त्या वाटून आले.

तात्पर्य: आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्यालाही ठाऊक असेल असं धरून चालू नये, ज्याच्या हाती काम सोपवायचं त्याला अवजार काय करतं, काय करत नाही आणि कुठे थांबायचं हे आधी स्पष्ट सांगावं, आणि न सांगितल्यामुळे घडलेली चूक त्याच्या माथी न मारता आपली म्हणावी.